पहिला सराव पुतळ्यावर, माणसावर नको

रात्री दोन वाजता घरातल्या माणसाच्या छातीत कळ आली, पोटातल्या बाळाची हालचाल थांबली किंवा लेकराला झटके सुरू झाले, तर आपण कुठे धावतो? खासगी दवाखान्यात आधी डिपॉझिट मागतात. म्हणून आपली रिक्षा सिव्हिलकडे नाहीतर मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीकडे वळते. तिथे आपल्याला सर्वांत आधी भेटतो तो इंटर्न किंवा पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर. वय तेवीस ते सत्तावीस. मोठे डॉक्टर फोनवर असतात, ते यायला वेळ लागतो. जीव वाचतो की जातो हे पुष्कळदा पहिल्या दहा मिनिटांत ठरते, आणि ती दहा मिनिटे या तरुण पोराच्या किंवा पोरीच्या हातात असतात.

म्हणून वाचकहो, एक प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. या डॉक्टरने हे काम याआधी कधी केले आहे का? आणि केले असेल तर ते कुणावर शिकले?

शिकायचे कुणावर?

डॉक्टरकीची जुनी रीत अशी आहे: एकदा बघा, एकदा स्वतः करा, मग दुसऱ्याला शिकवा. पुस्तक वर्गात वाचायचे, पण नळी घालणे, शिरेत सुई लावणे, बंद पडलेले हृदय दाबून चालू करणे हे सगळे थेट रुग्णाच्या अंगावर शिकायचे. आता हा रुग्ण कोण असतो? खासगी रुग्णालयात पैसे मोजणारा साहेब नसतो. सरकारी वॉर्डात खाटेवर आणि खाटेखाली झोपलेले आपले आई-बाप असतात. देशातले डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या गरिबांच्या शरीरावर शिकले आणि पुढे जाऊन त्यांतल्या अनेकांनी दवाखाने काढले ते श्रीमंतांच्या वस्तीत.

माझे म्हणणे नीट समजून घ्या. नवीन डॉक्टरने शिकूच नये असे मी म्हणत नाही. प्रत्येक चांगला डॉक्टर कधीतरी नवखा होताच, आणि रुग्णाजवळ बसल्याशिवाय कुणालाही वैद्यकी येत नाही. पण शिकताना चुका होणारच असतील, तर पहिली चूक जिथे कुणाचा जीव जाणार नाही अशा ठिकाणी व्हावी. ती जागा आता उपलब्ध आहे. तिला सिम्युलेशन म्हणतात. सोप्या शब्दांत सांगायचे तर खऱ्यासारखा सराव.

पुतळ्यावरचे शिक्षण

या सरावाची सुरुवात एका खेळणी बनवणाऱ्याकडून झाली. नॉर्वे देशातल्या स्टाव्हांगर गावात आस्मुंड लेर्डाल नावाचे कारखानदार मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या बनवत. तोंडाने श्वास देऊन माणूस वाचवण्याची पद्धत पीटर सफार आणि इतर डॉक्टरांनी तेव्हा नुकतीच पुढे आणली होती. ती शिकवायला माणसाएवढी बाहुली हवी होती. लेर्डाल यांनी ती १९६० मध्ये तयार केली. तिचे नाव रेसुसी ॲन. आजही जगभर छाती दाबण्याचे शिक्षण अशाच बाहुल्यांवर दिले जाते. छाती पुरेशी खोल दाबली की आतून टक् असा आवाज येतो. नीट दाबली नाही तर आवाज येत नाही. एवढ्या साध्या युक्तीने हाताला अंदाज कळतो.

आता बरेच पुढचे पुतळे आले आहेत. त्यांची छाती वरखाली होते, नाडी लागते, बाहुल्या लहानमोठ्या होतात, शेजारच्या पडद्यावर हृदयाचे ठोके दिसतात. शिकवणारा पलीकडच्या खोलीतून बटण दाबतो आणि पुतळ्याचे ब्लडप्रेशर खाली येते. विमान चालवणाऱ्यांना जसे जमिनीवरच्या खोट्या विमानात इंजिन बंद पाडून शिकवतात, तसेच हे आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातले भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी वैमानिकांची हीच पद्धत ऑपरेशन थिएटरमध्ये आणली. संकटात नुसते हात चालून भागत नाही, सगळ्यांनी मिळून काम कसे करायचे तेही शिकवावे लागते, हा त्यांचा मुद्दा होता.

एक सराव कसा होतो?

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचे उदाहरण घेऊ, कारण हा धोका आपल्या घरांना जवळचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९–२१ च्या पाहणीत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. ज्या बाईचे रक्त आधीच कमी आहे, तिला थोडा जास्त रक्तस्रावही झेपत नाही.

सरावाला एक सिस्टर बाळंतीण बनून खाटेवर झोपते. तिच्या पोटावर पिशवीसारखे साधन बांधलेले असते. त्यात लाल रंगाचे पाणी असते. खोटे गर्भाशयही असते, ते ती हळूच हाताने मऊ किंवा कडक करू शकते. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, एक इंटर्न, दोन सिस्टर आणि वॉर्डातल्या मावशी आत येतात. पुढे काय होणार हे त्यांना माहीत नसते.

बाळंतीण म्हणते, “डॉक्टर, मला कसंतरी होतंय.” चादर लाल होऊ लागते. घड्याळ सुरू झालेले असते.

आता काय व्हायला हवे? सर्वांत आधी मदतीची हाक. मग पोटावरून गर्भाशय चोळून कडक करणे. गर्भाशय आकुंचन पावावे म्हणून ऑक्सिटोसिन. रक्त गोठायला मदत करणारे ट्रानेक्सॅमिक ॲसिड. दोन्ही हातांना जाड सुया लावून सलाईन. लघवीची नळी. रक्तपेढीला नमुना. कुठे फाटले आहे का, वारेचा तुकडा आत राहिला आहे का, याची तपासणी. आणि रक्त थांबत नसेल तर वेळ न घालवता मोठ्या डॉक्टरांना बोलावणे.

कागदावर ही यादी कुणीही पाठ म्हणून दाखवेल. प्रत्यक्षात काय होते? तिघे जण मिळून एकच सलाईन लावू लागतात आणि गर्भाशयावर कुणाचाच हात नसतो. “ऑक्सिटोसिन द्या,” असे डॉक्टर हवेत बोलतात. दोन्ही सिस्टरना वाटते की दुसरीने दिले. रक्तपेढीला फोन कुणी करायचा हे ठरतच नाही. चादरीत मुरलेले रक्त डोळ्यांना कमी दिसते आणि सगळे म्हणतात, “फार नाही गेलं.”

दहा-पंधरा मिनिटांनी सराव थांबतो आणि खरे शिक्षण सुरू होते. सगळे गोल बसतात. शिकवणारा ओरडत नाही, नापासही करत नाही. तो विचारतो, “तुम्हाला त्या क्षणी काय वाटलं? पहिलं इंजेक्शन कितव्या मिनिटाला गेलं? उशीर का झाला?” घडलेली गोष्ट पुन्हा पाहायची, कारण शोधायचे, आणि मग तोच सराव परत करायचा. दुसऱ्या वेळी तेच डॉक्टर एकेकाकडे बघून बोलतात, “सिस्टर, तुम्ही ऑक्सिटोसिन द्या.” सिस्टर उलट सांगते, “ऑक्सिटोसिन दिलं.” मावशी रक्तपेढीकडे निघालेल्या असतात. या चर्चेशिवाय सराव म्हणजे नुसते नाटक.

हात शिकले, तोंडाचे काय?

मी पदविका घेऊन वॉर्डात लागले तेव्हा आम्हाला इंजेक्शन, ड्रेसिंग, खाट बदलणे सगळे शिकवले होते. “सर, तुमचं चुकतंय” हे कसे म्हणायचे, ते कुणीच शिकवले नव्हते. संकटाच्या वेळी याची किंमत किती असते ते इंग्लंडमधल्या एका घटनेने जगाला दाखवले.

२००५ मध्ये एलेन ब्रोमिली नावाच्या दोन मुलांच्या आईला नाकाच्या साध्या ऑपरेशनसाठी भूल दिली गेली. भूल दिल्यावर श्वासाचा मार्ग मोकळा ठेवता येईना. हजर असलेले डॉक्टर चांगले अनुभवी होते. ते तोंडातून नळी घालण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिले आणि वेळेचे भान हरपले. अशा वेळी गळ्याला छिद्र पाडून श्वासाचा मार्ग करावा लागतो. एका नर्सने त्याचे साहित्य आणून ठेवले आणि ते आले आहे असे सांगितलेही. दुसरीने आयसीयूची खाट विचारून ठेवली. काय करायला हवे हे त्यांना कळले होते, पण त्या डॉक्टरांना त्यांचे शब्द ऐकू गेले नाहीत, आणि आणखी जोराने कसे बोलायचे हे नर्सना उमगले नाही. एलेन पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. तेरा दिवसांनी त्या गेल्या.

त्यांचे पती मार्टिन ब्रोमिली स्वतः वैमानिक होते. त्यांनी कुणाला तुरुंगात टाका अशी मागणी केली नाही. विमान पडले की जशी सखोल चौकशी होते तशी चौकशी मागितली, आणि त्यातून जे कळले ते जगातल्या डॉक्टर-नर्सना शिकवायला दिले. आज अनेक देशांत तरुण डॉक्टरांच्या सरावात ही घटना सांगतात.

आपल्या देशात तर हा प्रश्न अधिक खोल आहे. पद, पदवी, बाई-पुरुष, जात या पायऱ्या वॉर्डाच्या दाराबाहेर चपलांसारख्या काढून ठेवता येत नाहीत. मावशीने बघितले, सिस्टरला कळले, इंटर्नला शंका आली, पण “मोठ्यांना कसं सांगायचं?” म्हणून सगळे गप्प राहिले, तर रुग्ण मरतो. म्हणून चांगल्या सरावात बोलण्याचीही तालीम घेतात. आधी शंका बोलायची: “सर, ऑक्सिजन कमी होतोय.” ऐकले नाही तर स्पष्ट म्हणायचे: “सर, मला काळजी वाटते, आपण थांबून बघू या.” तरीही नाही, तर: “सर, हे धोक्याचं आहे, थांबा.” आणि डॉक्टरलाही शिकवतात की कनिष्ठाने टोकले म्हणजे अपमान झाला असे समजायचे नाही. उलट त्यानेच मध्ये विचारायचे, “माझ्याकडून काही राहतंय का? कुणीही बोला.”

याने खरेच जीव वाचतात का?

पुतळ्याशी खेळून काय होणार, असे वाटणे साहजिक आहे. म्हणून तीन ठिकाणची माहिती देते.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरातल्या साउथमीड रुग्णालयाने २००० पासून प्रसूती विभागातल्या डॉक्टर आणि सुईणी अशा सगळ्यांचा एकत्र सराव दरवर्षी सुरू केला. कधी कधी बाळाचे डोके बाहेर येते, पण खांदा आईच्या हाडामागे अडकतो. घाईने ओढले तर बाळाचा हात कायमचा लुळा पडू शकतो. सरावापूर्वी अशा अडकलेल्या दर १०० बाळांत ९ बाळांना इजा होत होती. सरावानंतर हे प्रमाण २ वर आले. जन्मताना ऑक्सिजन कमी पडून मेंदूला इजा होण्याचे प्रमाणही दर १०,००० बाळंतपणांत २७ वरून जवळजवळ निम्मे झाले.

आफ्रिकेत केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. तिथे काही महागडे यंत्र नव्हते. बाळंतिणीखाली खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावली, म्हणजे किती रक्त गेले ते अंदाजाने नाही तर मापाने कळावे. उपचारांची यादी एकदम द्यायची ठरवली आणि ते कसे द्यायचे याचा जागेवर सराव घेतला. जिथे हे केले, तिथे गंभीर रक्तस्राव आणि त्यामुळे पोट उघडण्याची किंवा मृत्यूची वेळ येण्याचे प्रमाण ६० टक्क्यांनी कमी झाले.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारचे, कर्नाटकातले. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी पुढाकार घेऊन बाळंतपण करणाऱ्या जवळपास सहाशे जणांना, न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा हे बाहुलीवर शिकवले. बाळ पुसणे, पाठ चोळणे, आणि तरी श्वास नाही तर एका मिनिटाच्या आत पिशवी-मास्कने हवा देणे, एवढेच. त्यानंतर बाळंतपणाच्या वेळीच मृत ठरणाऱ्या बाळांचे प्रमाण १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आले. म्हणजे पूर्वी मेलेली म्हणून बाजूला ठेवली जाणारी काही बाळे श्वास देण्याची वाट बघत होती. पण हेही सांगायला हवे की जन्मल्यावर पहिल्या महिन्यात होणारे मृत्यू त्या प्रशिक्षणाने कमी झाले नाहीत. सराव एक दार उघडतो. पुढची दारे उघडायला ऊब, दूध, औषधे आणि माणसे लागतात.

आपल्याकडे काय परिस्थिती आहे?

२०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला आणि प्रत्येक मेडिकल कॉलेजात कौशल्य प्रयोगशाळा, म्हणजे स्किल लॅब, असणे बंधनकारक झाले. म्हणजे पुतळ्यावर शिकणे हा आता भावी डॉक्टरच्या शिक्षणाचा भाग आहे. ही चांगली गोष्ट आहे.

पण नियम आणि वॉर्ड यांत अंतर असते. कुलपात ठेवलेल्या, प्लॅस्टिकचे वेष्टणही न काढलेल्या लाखमोलाच्या पुतळ्या मी स्वतः बघितल्या आहेत. तपासणी आली की कुलूप निघते, तपासणी गेली की पुन्हा लागते. शिवाय एकदा शिकले की संपले असे होत नाही. छाती दाबण्याचे कौशल्य सराव नसेल तर काही महिन्यांतच कमी होते. म्हणून वर्षातून एक मोठा कार्यक्रम, हार-तुरे आणि फोटो यापेक्षा दर महिन्याला अर्ध्या तासाचा सराव कितीतरी अधिक उपयोगाचा.

आणि त्याला महाग पुतळा लागतोच असे नाही. ज्या वॉर्डात काम करायचे तिथेच, खाटेवर उशी ठेवून, अचानक “रुग्ण बेशुद्ध पडला” असे सांगून सराव घेता येतो. अशा सरावात डॉक्टरच्या चुका कळतातच, रुग्णालयाच्याही कळतात. इमर्जन्सी ट्रॉलीची किल्ली कुणाकडे आहे? ॲम्बू बॅगला मास्क बसतो का? ऑक्सिजनच्या सिलिंडरला चावी आहे का? रात्री लिफ्ट बंद असेल तर रक्त कुठल्या जिन्याने येते? हे प्रश्न खरा रुग्ण येण्याआधी सुटले तर बरे.

आणखी एक गोष्ट. एका निवासी डॉक्टरला सलग छत्तीस तास जागवून, ऐंशी रुग्ण त्याच्यावर सोपवून, वर “त्याला सराव कमी पडला” म्हणणे हा अन्याय आहे. सराव हा रिकाम्या जागा भरण्याला पर्याय नाही. दोन्ही मागावे लागेल.

आपण काय करायचे?

पहिले, रुग्णाला आणल्यावर तरुण डॉक्टरला घेरू नका, ओरडू नका. घाबरलेल्या डोक्याला साधे हिशेब सुचत नाहीत, हे त्या सरावांतही दिसते. एकाच माणसाने पुढे होऊन पाच गोष्टी सांगाव्यात: त्रास किती वाजता सुरू झाला, आधीचे आजार कोणते, कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे का, शेवटचे काय आणि कधी खाल्ले. जुने कागद आणि औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घरी तयार ठेवा.

दुसरे, शांतपणे विचारा: “मोठ्या डॉक्टरांना कळवलं का?” हा प्रश्न तुमचा हक्क आहे. कनिष्ठ डॉक्टरलाही त्याने बळ येते.

तिसरे, सरकारी रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या सभेत आपल्या वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी लेखी विचारावे: गेल्या तीन महिन्यांत कॅज्युअल्टी आणि प्रसूती विभागात आपत्कालीन सराव किती वेळा झाला? त्यात रात्रपाळीचे डॉक्टर, सिस्टर आणि मावशी होत्या का? सरावात कोणत्या त्रुटी निघाल्या आणि त्या दुरुस्त झाल्या का? एवढे तीन प्रश्न दर तिमाहीला विचारले जाऊ लागले की कुलपे आपोआप निघतील.

चौथे, आपणही शिका. विहारात किंवा समाजमंदिरात नर्स, डॉक्टर बोलावून एक बाहुली आणून तासाभराचे शिबिर घेता येते. मोठा माणूस अचानक कोसळला, हाका मारून उठत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर एकाने १०८ ला फोन करायचा. दुसऱ्याने त्याला कडक जमिनीवर उताणे झोपवून छातीच्या मधोमध तळव्याची टाच ठेवायची, दुसरा हात त्यावर, कोपरे ताठ, आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचे. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दाबणारा थकतो. गाडी येईपर्यंत थांबायचे नाही. वाचून हे येत नाही. हाताने केल्यावरच येते, आणि डॉक्टरांचेही नेमके तसेच आहे.

आपल्या वस्तीतली मुले-मुली आता मेडिकलला, नर्सिंगला जात आहेत. उद्या कॅज्युअल्टीत उभे राहणारे ते घाबरलेले पोर आपलेही असेल. त्याला पहिली चूक करायला पुतळा मिळावा, आणि आपल्या आईला उपचार मिळावेत ते सराव झालेल्या हातांचे. या दोन्ही मागण्या एकच आहेत, आणि त्या आपणच लावून धरल्या पाहिजेत.